कुलूप कुणी पाहिलं

खट्. न्हाणीची आतली कडी लागली.

केवढासा तो आवाज. शेजारी कुकरची शिट्टी झाली असती तरी त्यात बुडून गेला असता. पण दुपारची वेळ होती, घर चिडीचूप होतं आणि आम्रपाली सुपात गहू घेऊन खडे निवडत बसली होती. सूप हातातून कधी निसटलं, गहू कुठवर पसरले, तिला कळलंच नाही.

"मितू, कडी काढ."

"मी मोठी झाले ना आता. मी एकटी अंघोळ करणार," आतून मितू म्हणाली आणि तिने पाण्याचा तांब्या अंगावर ओतल्याचं ऐकू आलं.

पाच वर्षांच्या पोरीने कडी लावून अंघोळ करावी यात वावगं काहीच नव्हतं. आम्रपालीच्या डोक्याला ते कळतही होतं. पण घशात तो झोंबरा वास चढला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुढचं तिच्या हातांनी परस्पर केलं. वरवंटा उचलला आणि दारावर घातला. तिसऱ्या घावाला कडी स्क्रूसकट उखडली. साबणाने माखलेल्या पोरीला दंडाला धरून तिने ओढत अंगणात आणलं, आणि उन्हात, मोकळ्यावर आल्यानंतरही ती पकड सुटेना. मितू आधी रडली, मग गप्प झाली. सुमेध बॅटरी स्टेशनवरून जेवायला घरी आला तेव्हा मायलेकी तशाच उभ्या होत्या.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने एकेक करून तिची बोटं सोडवली, पोरीला टॉवेलात गुंडाळलं, दंडावर खोबरेल चोळलं. चार बोटांचे चार वळ उठले होते. मितूला शेजारी खेळायला धाडून तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, बुधवारी उपचारांची गाडी येतेय. आपण जायचं.

आम्रपालीने सोमवारच्या सुनावणीची आठवण करून दिली.

"माझं लग्न तुझ्याशी झालंय. त्या केसशी नाही," सुमेध म्हणाला.

केस तीन वर्षांपूर्वीची. गावाबाहेर डाळिंबाचे दाणे काढून परदेशी पाठवणारी कंपनी होती. एका थंडगार हॉलात तेवीस बायका हातमोजे घालून दिवसभर दाणे सोडवत. गारवा राखायला छताजवळून अमोनियाचे पाइप गेलेले. बायका लघवीला जातात, दर वेळी दार उघडतं, गारवा जातो, म्हणून सुपरवायझर लोंढे मधल्या सुट्ट्या सोडून दाराला बाहेरून कुलूप घालायचा. एका मंगळवारी पाइप फुटला. दार उघडायला अकरा मिनिटं लागली. सात जणी गेल्या.

कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की कुलूप कधी नव्हतंच. दाराच्या फटीत बर्फ धरल्यामुळे ते अडकलं. अपघात. कुलूप पुढे कुणालाच सापडलं नाही, आणि चौकशी आयोगापुढे तीन वर्षं त्याच एका गोष्टीचा कीस पडत होता. कुलूप की बर्फ?

आणि आयोगाकडे काटा होता.

लोक त्याला काटा म्हणत, कारण तो माणसाचं बोलणं तोलायचा. डोक्यावर जाळीची टोपी, मनगटाला पट्टा. माणसावर जे खरोखर गुदरलेलं असतं ते सांगताना जिभेच्या आधी शरीर बोलतं. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढी एक गाठ आहे, भीतीचं घरच म्हणा. ती शब्दाच्या निमिषभर आधी जागी होते, पाठोपाठ तळहात ओला होतो, काळीज उडतं. ऐकीव गोष्ट सांगताना हेच उलटं घडतं. शब्द आधी, शरीर मागून. पहिल्याला काट्यावर हिरवा दिवा लागतो, दुसऱ्याला लाल. हा क्रम कुणाला ठरवून बदलता येत नाही. न्यायालयांनी काटा बरीच वर्षं दाराबाहेर ठेवला. मग चौकशी आयोगांनी 'पूरक' म्हणून आत घेतला, आणि हळूहळू असं झालं की काट्याने मान डोलावल्याशिवाय गरिबाचं कुणी ऐकेना.

कुलूप पाहणारी एकच बाई जिवंत होती. रेहाना. तिचं टेबल दाराशी होतं. दाराला वीतभर काच होती, त्या काचेतून तिला बाहेरच्या कोयंड्यातलं पितळी कुलूप दिसलं होतं, आणि किल्ली खिशात टाकून फोनवर बोलत निघून जाणारा लोंढे. पण रेहानाला त्यानंतर दोन वर्षं झोप नव्हती. शेवटी तिने गाडीतले उपचार घेतले. 'निवळ' म्हणत त्यांना. पाच बैठका, फुकट, कंपनीच्याच कल्याण निधीतून. ती बरी झाली. खरंच बरी झाली. आणि त्यानंतरच्या सुनावणीत काट्याने तिची साक्ष ऐकीव ठरवली.

*

झुंबरमावशींच्या अंगणात चिंचेचा ढीग पडला होता. हंगाम चालू होता आणि गोलात नऊ जणी बसल्या होत्या, त्या हॉलातून वाचलेल्यांपैकी. मावशी स्वतः हॉलात नव्हत्या. त्यांची सून कांता होती. ती परत आली नाही.

चिंच फोडायची त्यांची एक रीत होती. एकीने टरफल काढायचं आणि डावीकडे द्यायचं. दुसरीने शिरा ओढायच्या आणि डावीकडे द्यायचं. तिसरीने दगडावर ठेवून हातोडीचा हलका ठोका मारायचा, चिंचोका बाहेर. एकीनेच सगळं करायला घेतलं तर दुपारपर्यंत बोटं फाटतात. हे मावशींना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. दुर्घटनेनंतरच्या पहिल्या हंगामात बायका अंगणात यायच्या आणि मुक्या बसायच्या. एखादीने तोंड उघडलंच तर दुसऱ्या वाक्याला तिचा श्वास अडकायचा. तेव्हा मावशी म्हणाल्या, आपलं आपण फोडू नका गं, डावीकडं द्या.

तेव्हापासून तसंच चाललं होतं. आपलं दुःख आपण सांगायचं नाही. एकदा, जमेल तसं, डावीकडच्या बाईच्या कानात घालायचं. मग गोलात ते ती सांगणार, आणि 'मी' म्हणून सांगणार. ऐकणारीला आपलीच गोष्ट दुसरीच्या तोंडून ऐकू यायची. श्वास अडकायचा तो सांगणारीचा, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला जिची गोष्ट ती मोकळी असायची. हातोड्या एका लयीत पडत. तीन वर्षांत या अंगणातली एकही बाई विहिरीकडे गेली नाही. शेजारच्या गावात दोघी गेल्या होत्या.

रेहानाच्या डावीकडे आम्रपाली बसायची. आम्रपालीच्या डावीकडे झुंबरमावशी.

म्हणजे दाराची गोष्ट आम्रपाली सांगायची. 'मी दारापाशी होते. कुलूप पितळेचं होतं.' आणि आम्रपालीची स्वतःची गोष्ट मावशी सांगायच्या. मागच्या भिंतीशी चौदा नंबरचं टेबल, पाणी जायच्या मोरीच्या जाळीला तोंड लावून पडलेल्या दोघी, आणि दुसरीचा गार होत गेलेला हात. तो हात कांताचा होता. 'मी तिचा हात सोडला नाही,' असं सासू म्हणायची, आणि अंगणातल्या हातोड्या थांबायच्या.

मितू या सगळ्यात चिंचोके मांडत बसायची. घरी ठेवायला कुणी नव्हतं. लेकरू आहे, त्याला काय कळतंय, असं सगळ्याच धरून चालल्या होत्या.

त्या दिवशी आम्रपालीने गाडीचा विषय काढला. सगळ्या खाली मान घालून शिरा ओढत राहिल्या. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं की गाडीतली टोपी घातली की नवराही गोड दिसायला लागतो म्हणे, आणि हशा झाला. मावशी हसल्या नाहीत. गेल्या वर्षी गाडीतल्या डॉक्टरीण बाई त्यांना समजावून गेल्या होत्या, की मावशी, तुमचा त्रास तुमच्या मेंदूत आहे. मावशींनी तेव्हा दिलेलं उत्तर अजून गावात फिरत होतं.

"माझा त्रास दारात व्हता बाई. मेंदूत मागनं आला."

आज त्या एवढंच म्हणाल्या की पोरीच्या दंडावरचे वळ मी पाहिलेत. जायचं तर जा. तुला कुणी नावं ठेवणार न्हाई.

*

गाडी म्हणजे एक पांढरी बस होती. आत गारवा होता, म्हणून आम्रपालीने दार उघडं ठेवायला लावलं. डॉक्टर गोगटे तिशीच्या, पुण्याच्या, बोलायला मऊ. त्यांनी न सांगता स्वतःची खुर्ची दारात ओढून घेतली, दार मिटू नये म्हणून. आम्रपालीला ते आवडलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आठवण म्हणजे दगडावरची रेघ नाही, माती आहे. दर वेळी बाहेर काढली की ओली होते आणि चार-सहा तास ओलीच राहते. मग पुन्हा घट्ट होते, पण त्या वेळात तिच्यावर जे उमटेल ते घेऊन. आम्ही एवढंच करतो, की आठवण ओली असताना त्या बदामाएवढ्या गाठीवर अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडतो. भीती तिला पुन्हा चिकटत नाही. प्रसंग राहतो, भय जातं. आधी मोजणी करू, भीती नेमकी कशाला चिकटलीय ते बघायला हवं.

टोपी घालून आम्रपालीने डोळे मिटले. तिला सांगायला सांगितलं, तिने सांगितलं. पडद्यावर रेघ उभीच्या उभी चढली.

"दार," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं सगळं दारापाशी आहे, ताई. कुलूप, काच, तो माणूस. इतकी स्पष्ट मोजणी मी इथे पाहिली नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही कुलूप पाहिलंय. मग आयोगापुढे सांगितलं कसं नाहीत? पाहिलंत ना?"

आम्रपाली हो म्हणणार होती. हो जिभेवर आलंच होतं. मग तिला आपलं टेबल आठवलं. आठवलं म्हणजे, आकडा आठवला. चौदा. मागची भिंत. तिथून दार पंचवीस-तीस फूट, मध्ये बायका, आणि डोळ्यांपुढे पांढरा धूर. तिथून कुणाला कुलूप दिसणार?

तिने डॉक्टरांना अंगणाची रीत सांगितली. चिंच, डावी बाजू, 'मी'.

डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ मागे नेऊन पुन्हा पाहिली. नऊ बायका एका लयीत हात चालवतात तेव्हा त्यांचे श्वास जुळतात, मग काळजाचे ठोके जुळतात, हे मोजलेलं आहे, त्या म्हणाल्या. तशा वेळी रेहानाताईंची आठवण ओली व्हायची आणि तिच्यावर तुमची सोबत उमटायची, म्हणून त्या तगल्या. "आम्ही जे लहरींनी करतो ते तुम्ही हातोडीने करत होता. फरक एवढाच, आम्ही भीती पुसतो. तुम्ही ती वाटून घेतलीत. आणि वाटताना ती तुमच्या शरीराची झाली." त्यांनी पडद्यावरच्या रेघेकडे बोट केलं. "यात काट्याला फसवणं नाही, कारण काट्याच्या लेखी तुम्ही खोटं बोलतच नाही आहात."

"आणि आज सुरू केलं तर?"

"सोमवारपर्यंत बरंचसं गेलेलं असेल."

खाली सुमेध झाडाच्या सावलीत उभा होता. त्याच्या हातात मितूचा फुगा होता. आम्रपाली पायऱ्या उतरून आली आणि त्याच्याकडे न बघता चालायला लागली. तो मागून आला नाही.

*

रेहानाच्या घराची सगळी दारं लावलेली होती. वाऱ्याने धूळ येते म्हणून. ती भाकरी थापत होती, अंगाने थोडी भरली होती, चेहऱ्यावर तजेला होता. आम्रपालीने तिला सरळ विचारलं, तू पाहिलंस ना?

"पाहिलं. स्टँडवरचा बोर्ड पाहावा तसं आठवतं," रेहाना म्हणाली. "अमुक गाडी, तमुक फलाट. मला त्याचं काही होत नाही. त्या दिवशी काटा लाल झाला तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघत होते, पाली, जशी मीच चोरटी." तिने भाकरी उलटली. "माझं तुझ्याकडे ठेवलंय ना? मग सांग की तू."

सुमेधने घरी वेगळा हिशेब मांडला. हजेरीच्या वहीत तुझं टेबल चौदा आहे. कंपनीच्या वकिलाने ती वही उघडली तर खोटी साक्ष म्हणून तुलाच आत टाकतील. पोरीने मग कुणाचा पदर धरायचा? तो चिडून बोलत नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे त्या घरात फक्त त्यालाच येत होतं.

झुंबरमावशींना विचारलं तर त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"कुलूप व्हतं का न्हवतं?"

"होतं."

"मग?"

"पण मी नव्हते मावशी दारापाशी."

मावशींनी चिंचोका बोटाने ढकलून बाहेर काढला. "मी तरी कुठं व्हते मोरीपाशी," त्या म्हणाल्या. "रोज असते."

*

सोमवारी आयोगाची खोली गच्च भरली होती. टोपी गार होती, मनगटाचा पट्टा घट्ट. दार शिपायाने लावून घेतलं आणि आम्रपालीच्या घशात वास चढला. ती बोलायला लागली. दार, काच, कोयंडा, पितळ, लोंढ्याचा पाठमोरा शर्ट, कानाशी फोन. मागे बसलेल्या बायकांचे श्वास तिच्या श्वासात मिसळत होते. काटा पहिल्या शब्दापासून हिरवा होता आणि हिरवाच राहिला.

कंपनीच्या वकिलाने हजेरीची वही उघडली नाही. उघडून उपयोगच नव्हता. रेहानाची साक्ष पाडताना त्यानेच आयोगाला पटवून दिलं होतं की काट्यापुढे कागदाला अर्थ नाही.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "शेवटचं विचारते. हे तुम्ही स्वतः, तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत?"

आम्रपालीने आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे. मागची भिंत शोधली, मोरीची जाळी शोधली. समोर दार होतं.

"हो," ती म्हणाली.

काटा हिरवा.

परतीच्या टेम्पोत बायका रडत होत्या आणि हसत होत्या. कुलूप नोंदवलं गेलं होतं. बर्फ खोटा ठरला होता. रेहाना तिचा हात धरून बसली होती, शांत, जशी कुणा दुसऱ्याच्या लग्नाला आलेली. बायकांच्या बाजूने लढणाऱ्या संघटनेच्या वकीलसाहेबांनी निघताना आम्रपालीला बाजूला घेतलं होतं. कंपनी अपिलात जाणार, तुम्हाला पुन्हा टोपी घालावी लागणार. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. तोवर गाडीच्या जवळपासही जाऊ नका, ताई. हे आहे तसं ठेवायचं.

आहे तसं. टेम्पोत डोळे मिटून तिने कांताचा हात आठवायचा प्रयत्न केला. मोरीजवळचा, गार होत गेलेला. तिच्या आयुष्यातली ती अकरा मिनिटं तिची स्वतःची होती. तिला फक्त मावशींचा आवाज ऐकू आला, 'मी तिचा हात सोडला नाही'. गोष्ट ऐकावी तसा. तिचं अंग हललं नाही, डोळे भरले नाहीत. कांतासाठी आपण शेवटचं कधी रडलो, हेही आठवेना. ती जागा कांताच्या सासूच्या ताब्यात गेली होती, आणि सासूकडून ती परत मागायला आम्रपालीची जीभ रेटली नसती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी ती मितूला पुढ्यात घेऊन वेणी घालत होती. दंडावरचे वळ पिवळे पडले होते. सुमेध कामावर जाताना तिच्याशी बोलला नव्हता, पण न्हाणीचं दार त्याने कडी न लावता दुरुस्त केलं होतं.

मितू मांडीवरच्या बाहुलीशी बोलत होती. पुटपुटत होती. आम्रपालीने आधी लक्ष दिलं नाही.

"मी दारापाशी होते," मितू बाहुलीला सांगत होती. "कुलूप पितळेचं होतं. तो माणूस निघून गेला. मी काचेवर हात मारला."

आम्रपालीचे हात वेणीतच थांबले. काचेवर हात मारल्याचं तिने आयोगापुढे सांगितलं नव्हतं. अंगणातही कधी सांगितलं नव्हतं. रेहानाने तर ते तिच्या कानातही घातलं नव्हतं. ते मितूचं स्वतःचं होतं. पोरीचे खांदे वर चढले होते, श्वास वरच्या वर चालला होता. आम्रपालीने तिचं इवलं मनगट धरलं आणि बोट नाडीवर ठेवलं. नाडी धावत होती. तळहात ओला होता. या डोक्यावर टोपी ठेवली तर कुठला रंग उमटेल, हे विचारायला कुणाकडे जायची गरज नव्हती.

"मितू, तू नव्हतीस तिथे," ती सावकाश म्हणाली. "तू दोन वर्षांची होतीस. आजीकडे होतीस, तिच्या गावी, मळ्यात. आजीने तुला गूळ-पोळी भरवली होती. सगळ्यांना ठाऊक आहे. तू आत नव्हतीस, बाळा."

मितूने मान वळवून आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती खोटं बोलते आहे असं तिला वाटलं नसावं. ती फक्त काहीतरी जुळवत होती, चिंचोके जुळवावेत तसं, एकापुढे एक.

"पण तू आहेस ना आत," ती म्हणाली. "आई, मग आपण बाहेर कधी आलो?"